भोपाळला विचारून सांगतो

आमचे हे रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये जनरल मॅनेजर. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे, रोलमधून दाबायचे आणि त्यांचे अँगल, म्हणजे काटकोनी पट्ट्या, काढायचे, अशी ती मिल. माल बहुतेक सगळा सरकार घ्यायचं आणि सरकार भोपाळला बसायचं. त्यामुळे दिवाकर पोफळी हे गृहस्थ अर्धा महिना छत्तीसगढ एक्सप्रेसमध्ये, नाहीतर कुठल्या तरी साहेबाच्या व्हरांड्यात बाकावर सापडायचे. मिल कशी चालते हे त्यांना माहीत होतं, पण ती चालवायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती. तिकडे फोरमन होता, भट्टी होती आणि देवाची कृपा होती.

कोणीही काहीही विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं. "भोपाळला विचारून सांगतो." मजुरांना कँटीनमध्ये पंखा हवा, भोपाळला विचारून सांगतो. मिलच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, विचारलं की माल का पडून आहे, भोपाळला विचारून सांगतो. आता भोपाळच्या सचिवाला मिलशेजारच्या बीरगांवातल्या मजुरांच्या पंख्याशी काय देणंघेणं? पण राजधानीचं नाव निघालं की समोरचा माणूस गप्प व्हायचा. मी एकदा साधं विचारलं, बैठकीच्या खोलीला पिवळा रंग लावायचा की पिस्ता? तर बॅगेची चेन ओढत म्हणाले, "भोपाळहून आल्यावर सांगतो." मी त्यांच्या गैरहजेरीत पिस्ता लावून टाकला. परत आल्यावर त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ह्या व्यवस्थेत शेठची मात्र पंचाईत व्हायची. शेठ मूळचा तापट माणूस. ऑर्डर लांबली, भोपाळमुळे. ऑर्डर गेली, तीही भोपाळमुळे. ओरडायचं कोणावर? भोपाळवर ओरडता येत नव्हतं, कारण पुढची ऑर्डर तिथूनच यायची होती. बिचारे रक्तदाबाची गोळी घ्यायचे आणि ह्यांना पुढच्या गाडीचं तिकीट काढून द्यायचे.

मग एक दिवस छत्तीसगढ राज्य वेगळं झालं. आमच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, फटाके फुटले, पेढे वाटले गेले, मीही हौसेनं फुलबाजी लावली. रायपूर राजधानी झालं म्हणून सगळा पारा नाचत होता आणि हे ओट्यावर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले होते. एवढंच नाही, पुढच्या पंधरवड्यात सवयीनं बॅग भरून पुन्हा भोपाळला गेले! मी साहेबासाठी डबाभर चिवडा करून दिला होता. तिथे गेल्यावर कळलं की तो साहेब नव्या राज्यात बदली घेऊन रायपूरलाच आलाय. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय थाटलं होतं, तिथे, आमच्या घरापासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर तो बसला होता. चिवडा दोन रात्रींचा प्रवास करून घरी परत आला. आम्हीच तो खाल्ला.

इथवर हसण्यासारखं होतं. पण सरकार घराशी आलं म्हणजे ते सगळ्यांच्याच घराशी आलं. आधी भोपाळचा रस्ता फक्त ह्यांना पाठ होता. आता उरल्यातला प्रत्येक मिलवाला स्कूटर काढून दहा मिनिटांत साहेबाच्या दारात उभा राहायला लागला. अँगलच्या ऑर्डरी दहा ठिकाणी वाटल्या गेल्या, आमच्या आवारात माल साचला, त्यावर गवत उगवलं. आणि तिकडे शहरात जिकडे पाहावं तिकडे खड्डे खणलेले. अफसरांचे बंगले, व्यापाऱ्यांची दुकानं, भाड्यानं द्यायच्या खोल्या. त्या सगळ्यांना हव्या होत्या बारीक सळया, थोड्या थोड्या आणि लगेच. आमच्या मिलमध्ये सळयांचे रोल आणून ठेवलेले होते, पण ते बसवायला अँगलचे रोल उतरवावे लागत. ते उतरवायचे की नाही, ह्यावर वर्ष उलटून गेलं. कोणीच 'उतरवा' म्हणेना.

तेव्हा शेठनी दिल्लीहून आपला भाचा आणला. अभिनव त्याचं नाव. मॅनेजमेंट शिकलेला, बोलायला गोड, काखेत कॉम्प्युटर. त्यानं सगळ्या अधिकाऱ्यांना एका हॉटेलात नेलं आणि दिवसभर नेतृत्वाचं शिबिर घेतलं. त्याची हकीकत मला कुसुमनं सांगितली. कुसुम आमच्या शेजारची, तिचा नवरा गुलाबराव मिलमध्ये माल रवाना करायचं काम बघतो.

शिबिरात म्हणे एक खेळ होता. डोळे मिटायचे, मागे माणूस हात पसरून उभा, आणि आपण न बघता मागच्या मागे स्वतःला सोडून द्यायचं. विश्वास वाढतो म्हणे. सगळे पडले. अकाउंटंट पडला, स्टोअरवाला पडला, लठ्ठ गुलाबराव तर दोन वेळा पडला. आमचे हे डोळे मिटून उभे राहिले. मागे गुलाबराव हात पसरून तयार. हे म्हणाले, "एक मिनिट." आणि उभेच राहिले. गुलाबरावांचे हात भरून आले, चहा आला, समोसे आले, तरी हे डोळे मिटून उभेच! शेवटी अभिनवनं टाळ्या वाजवून खेळ संपल्याचं जाहीर केलं. कुसुम पदर तोंडाला लावून हसत होती आणि मीही हसले. पण घरी आल्यावर मला रडू आलं.

कारण त्याच संध्याकाळी शेठनी ह्यांना बोलावून घेतलं होतं. घरी येऊन हे न जेवता पाटावर नुसते बसून राहिले.

"काहून जेवत नाही?" मी विचारलं.

"शेठ म्हणून राहिले, दिवाळीपर्यंत पाहतो. मिल रुळावर नाही आली तर अभिनव माझ्या खुर्चीवर बसन."

"अन् तुम्ही?"

"मले सल्लागार करतील. घरी बसायचं, बोलावलं की जायचं."

"मग काय म्हटलं तुम्ही त्याईले?"

"म्हटलं, विचार करून सांगतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. सल्लागार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या पाऱ्यात असे दोन सल्लागार होते. दोघेही सकाळी इस्त्रीचे कपडे घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचे आणि परत यायचे. ह्या माणसाची मी कितीही टिंगल केली तरी त्याला तसं बघायची माझी तयारी नव्हती. मला भीती वाटली, सरळ सांगते.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. उरल्याला हा मोठा सण. त्या दिवशी भट्टी थंड, मशीन बंद. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्या अवजारांना कुंकू लावायचं, फुलं वाहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मजूर नवे कपडे घालून बायकापोरांना घेऊन येतात, आम्हालाही बोलावणं असतं. शेठ दिल्लीला एका मोठ्या सरकारी ऑर्डरीच्या मागे गेले होते. म्हणून पूजेला हे बसले. अभिनव फोटो काढत होता. प्रसादाची बुंदी वाटून झाली, पंगत बसली, आणि गेटवर आरडाओरडा ऐकू आला.

पंडरीच्या कापडबाजारातला एक साडीवाला आला होता, ट्रकसकट. घामानं निथळत होता. त्याच्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब परवा घालायचा होता. ज्यांनी सळया देतो म्हणून सांगितलं होतं त्यांनी ऐनवेळी हात वर केले. पुढे पितृपक्ष लागणार, म्हणजे स्लॅब थेट नवरात्रात. तोवर पंचवीस मजूर आणि उघडं छप्पर.

"पूरे उरला का चक्कर लगाया साहब," तो हात जोडून म्हणाला. "हर गेट पर ताला. सब बोले, आज विश्वकर्मा है. आप कल रात तक सरिया दे दो, पूरा पंडरी आपका माल उठाएगा. हम सबका काम चालू है."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. म्हणजे अँगलचे रोल आजच उतरवायचे, सळयांचे चढवायचे, रात्री भट्टी पेटवायची. कुंकू लावलेल्या अवजारांना हात लावायचा. तोही आज.

अभिनव पुढे आला. "देखिए, यह बहुत अच्छी अपॉर्च्युनिटी है," तो म्हणाला. "कल सुबह टीम बैठेगी, सब अपने-अपने विचार रखेंगे."

"कल सुबह?" साडीवाल्याला रडूच फुटायला आलं.

फोरमन धर्मपाल हातातली बुंदीची पत्रावळ खाली ठेवून आला. तो बीरगांवचा, मिलमध्ये ह्यांच्याही आधीपासूनचा. त्यानं अभिनवकडे पाहिलंच नाही. ह्यांना म्हणाला, "साहब, रोल उतारें कि नहीं?"

आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पूछ के बताता हूँ."

 धर्मपालला खरंच कळेना. "किससे, साहब?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. शेठ दिल्लीच्या कुठल्या कार्यालयात होते ते कोणाला ठाऊक नव्हतं. नवं सरकार गावातच होतं, पण त्याला साडीवाल्याच्या स्लॅबचं काय? हे उभे. कपाळावर पूजेचा टिळा, डोक्यावर रुमाल. मला ते हॉटेलातलं डोळे मिटून उभं राहणं आठवलं. म्हटलं, आता हा माणूस इथेही संध्याकाळपर्यंत उभा राहतो.

ह्यांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा पंगतीकडे. मग धर्मपालला विचारलं, "तुम लोगों को चलेगा?"

"आदमी तो तैयार हो जाएँगे, साहब. पर आज औजार को हाथ लगाना... कुछ उल्टा-सीधा हुआ तो?"

"तो मेरे नाम से होगा," हे म्हणाले. पूजेच्या पाटावरून मोठा पाना उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, कुंकू त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागलं. "रोल उतारो. लेकिन पहले सब लोग खाना खा लो."

पंगत गपागप जेवली. मी ते फूल हातात धरून उभी होते, इतकी चकित की ते ठेवायचं कुठे हेसुद्धा सुचेना.

रात्री हे घरी आले नाहीत. सकाळी गुलाबराव निरोप घेऊन आला. चांगली बातमी होती, पहाटे सळया निघाल्या आणि साडीवाल्याचा ट्रक भरला जात होता. वाईट बातमीही होती. अँगलचा एक मोठा रोल उतरवताना साखळीतून सुटला, फरशीवर पडला आणि तडकला. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. अशा कामाला क्रेनखाली जास्त माणसं लावायला हवी होती. घाई नडली.

"अभिनवबाबू कुठे होते?" मी विचारलं.

"ते होटलात जाऊन झोपले ना भाभी. म्हणे मैं इस डिसीजन का हिस्सा नहीं हूँ."

दुपारी हे आले, आंघोळ केली आणि झोपले. आणि संध्याकाळी शेठ आले. दिल्लीहून उतरून आधी मिलवर गेले होते, तिथून थेट आमच्या घरी, मागे अभिनव. त्यांच्या खिशात मंजूर झालेली ऑर्डर होती. कसली? अँगलची! एवढ्या खटपटीनं त्यांनी अँगलची मोठी ऑर्डर आणली आणि इकडे अँगलचा रोल तडकलेला. आता ह्याला काय म्हणावं?

मी पाणी आणलं. शेठनी ग्लासाकडे बघितलंही नाही.

"पोफळी साहब, अँगल का रोल कैसे टूटा?"

"उतारते समय गिर गया, सेठजी."

"विश्वकर्मा के दिन मशीन किसके कहने से खुली?"

मी दाराशी उभी होते. उत्तरं ढीगभर होती. साडीवाला रडला, धर्मपालची साखळी सुटली, अभिनवबाबू तिथेच होते, तुम्ही सापडला नाहीत. त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, काहीतरी सांगा आणि खुर्ची वाचवा.

"मेरे कहने से," हे म्हणाले. "मैंने किसी से नहीं पूछा."

 इतक्या वर्षांत शेठना हे उत्तर मिळालं नव्हतं, त्याचं काय करायचं हे त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं. जे काय वर्षानुवर्षं साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. रोल, साखळी, विश्वकर्मा, गेल्या वर्षीचा गंजलेला माल, त्याच्या आधीच्या वर्षीचं टेंडर. माझ्या पिस्ता रंगाच्या खोलीत, माझ्या सोफ्यावर बसून! हे मान खाली घालून ऐकत होते. मला ऐकवेना.

"सेठजी, पाणी तर प्या," मी म्हटलं. "गला सूख जाएगा, और अभी तो बहुत बाकी दिखता है."

शेठ पाणी प्यायले. आश्चर्य म्हणजे त्यांचा चेहरा बरा दिसत होता, कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका.

"यह सारा नुकसान मैं आपके नाम लिखूँगा," ते म्हणाले.

"लिखिए," हे म्हणाले. "लेकिन पंडरी की पार्टियाँ भी मेरे नाम लिखिए. आज दोपहर तक तीन और आकर गए हैं. मैंने हाँ बोल दिया है. सरिया का रोल अब नहीं उतरेगा."

"और मेरी ऑर्डर? अँगल कौन बनाएगा? आपकी पार्टियाँ?"

"बगलवाली मिल. उनका अँगल का रोल चढ़ा हुआ है और काम कुछ नहीं. मजदूरी देकर उनसे निकलवा लेंगे."

"दुश्मन से?"

"वो भी खाली बैठा है, सेठजी. मैं सवेरे उसके यहाँ जा रहा हूँ."

  शेठनी मान वळवून भाच्याकडे पाहिलं. "तू होता तो क्या करता?"

अभिनवनं जराही वेळ न घेता, अगदी नम्रपणे सांगितलं, "मैं आपसे पूछता, मामाजी."

शेठ खूश झाले. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मग हळूहळू ती खुशी उतरत गेली. त्यांनी भाच्याकडे पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ पाहिलं आणि उठले. दारात चप्पल घालताना ह्यांना म्हणाले, "सवेरे बगलवाले के यहाँ मैं नहीं आऊँगा. मुझसे उसकी शकल नहीं देखी जाती. आप जाइए, जो भाव ठीक लगे तय कर लीजिए." आणि भाच्याला म्हणाले, "तू इनके साथ जा. पीछे खड़े रहना."

गाडी गेली. हे सोफ्यावर बसले. तेव्हा मला दिसलं की पंख्याखाली बसूनही त्यांचा बनियन भिजला होता. मी शेजारी जाऊन बसले. आम्ही असे जवळ फार वर्षांत बसलो नव्हतो. 

"विनोदिनी," ते म्हणाले, "खरं सांग. माझं चुकलं काय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं साहेबांना विचारलं, साहेबांच्या बाबूंना विचारलं, चपराश्यांनासुद्धा विचारलं. मला आज पहिल्यांदा विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

"रोल उतरवताना माणसं कमी लावली, ते चुकलं," मी म्हटलं. "बाकी बरोबर केलं तुम्ही."

त्यांनी ते नीट ऐकलं, मान हलवली आणि जेवायला वाढ म्हणाले.